जॉइंट व्हेंचर म्हणजे काय? सोनी एरिक्सनच्या गोष्टीतून समजून घ्या

घरातल्या जुन्या ड्रॉवरमध्ये, चार्जरच्या गुंत्याखाली, काकाचा किंवा मोठ्या भावाचा एखादा हिरव्या गोळ्याच्या लोगोचा फोन सापडतो का बघा. त्यावर 'सोनी एरिक्सन' असं लिहिलेलं असेल. आज या नावाचा नवा फोन मिळत नाही, कारण ती कंपनीच उरलेली नाही. सोनी मात्र आहे आणि एरिक्सनही आहे. मग मधली कंपनी कुठे गेली? हे कळलं की जॉइंट व्हेंचर, म्हणजे संयुक्त उपक्रम, हा प्रकार बराचसा कळतो.

आधी व्याख्या

दोन कंपन्या एकत्र येऊन तिसरी कंपनी काढतात, तिला जॉइंट व्हेंचर म्हणतात. भांडवल दोघी घालतात, शेअर वाटून घेतात, संचालक मंडळावर दोघींची माणसं बसतात. नफा वाटला जातो आणि तोटाही. मूळ कंपन्या आपापल्या जागी वेगळ्याच राहतात. एका कंपनीने दुसरी विकत घेतली तर ते अधिग्रहण (२०१४ मध्ये लेनोव्होने गुगलकडून मोटोरोला घेतली, तसं). फक्त नाव वापरायची परवानगी दिली तर ते लायसन्सिंग. एचएमडी कंपनीचे 'नोकिया' फोन आले ते असे. बातम्यांमध्ये या तिन्ही गोष्टींना सरसकट 'पार्टनरशिप' म्हणून मोकळे होतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

दोघांना एकमेकांची गरज का पडली?

स्वीडनची एरिक्सन ही टेलिफोन आणि नेटवर्कमधली १८७६ सालापासूनची कंपनी. ब्लूटूथवरचं कामसुद्धा तिच्याच लुंड शहरातल्या केंद्रात १९९४ च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे रेडिओ आणि सिग्नलचं ज्ञान पक्कं. पण फोन दिसायला साधे, आणि साधा माणूस दुकानात जाऊन हौसेने मागेल असं त्यात फारसं काही नाही.

त्यात मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीमध्ये फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. आग दहाएक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्यामुळे चिप बनवायच्या अतिस्वच्छ खोल्या निकामी झाल्या. नोकियाने लगेच धावपळ करून दुसरीकडून चिप मिळवल्या. एरिक्सनकडे काही महत्त्वाच्या चिपसाठी दुसरा पुरवठादारच नव्हता. हे नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरचं सांगितलं जातं.

जपानच्या सोनीचं नेमकं उलटं होतं. वॉकमन, कॅमेरे, टीव्ही, प्लेस्टेशन यांमुळे नाव घराघरात, पण जपानबाहेर मोबाइलच्या धंद्यात वजन कमी. एकीकडे सिग्नल, दुसरीकडे स्टाइल. १ ऑक्टोबर २००१ ला ५०-५० टक्क्यांची नवी कंपनी सुरू झाली. मुख्यालय टोकियोतही नाही, स्टॉकहोममध्येही नाही, तर लंडनमध्ये. पहिले अध्यक्ष कात्सुमी इहारा सोनीचे, तर शेवटचे बर्ट नॉर्डबर्ग एरिक्सनचे.

चाललं तेव्हा जोरात चाललं

पहिली एक-दोन वर्षं तोट्यात गेली. मग २००५ मध्ये के७५०आय आला, २ मेगापिक्सेल ऑटोफोकस कॅमेऱ्याचा. त्याच वर्षी डब्ल्यू८००, वॉकमन नावाचा पहिला फोन. पुढच्या वर्षी के८००आय वर 'सायबर-शॉट' हे सोनीच्या कॅमेऱ्यांचं नाव आलं. जॉइंट व्हेंचरचा खरा फायदा इथे दिसतो: आतलं रेडिओचं तंत्र एरिक्सनचं, आणि गिऱ्हाईक ओळखतं ते नाव सोनीचं. २००७ मध्ये कंपनीने १० कोटींहून जास्त फोन विकले.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. या फोनना सोनीचंच 'मेमरी स्टिक' कार्ड लागायचं. बाकी बहुतेक कंपन्या मायक्रोएसडीकडे वळत होत्या. मित्राच्या फोनमधलं कार्ड काढून आपल्यात घालून गाणी घ्यायची सोय नाही. कार्ड सोनीचं असल्यामुळे ते वापरण्यात पालकाचं हित होतं, आणि अडचण मात्र पोराच्या फोनला. दोन मालक असलेल्या कंपनीत हे असं होतं.

घसरण

२००७ मध्येच आयफोन आला. आता फोनचं यश सॉफ्टवेअर, गाणी, गेम, ॲप यांवर ठरू लागलं. सोनीकडे हे सगळं होतं, पण ते सोनीच्या इतर विभागांकडे. सोनी एरिक्सन ही अर्धी परकी कंपनी. आपला गेमिंगचा ठेवा अर्ध्या भागीदारीच्या कंपनीला किती द्यायचा? प्लेस्टेशनचे गेम चालणारा एक्सपिरिया प्ले बाजारात आला तोवर २०११ उजाडलं होतं. पहिला अँड्रॉइड एक्सपिरिया एक्स१० सुद्धा २०१० चा. त्या वर्षी विक्री साधारण ४ कोटी ३० लाखांवर आली होती. माझ्या मते दोष एकट्या भागीदारीचा नाही, नोकियासारखी एकाच मालकाची कंपनीही त्याच लाटेत बुडाली. पण ५०-५० मध्ये शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नसतं, आणि बाजार थांबून राहत नाही.

वेगळं होताना काय वाटून घेतलं?

ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालं की एरिक्सनचा अर्धा हिस्सा सोनी १०५ कोटी युरोंना घेणार. फेब्रुवारी २०१२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट होती पेटंटची. नेटवर्कला जोडणारा कोणताही फोन बनवायचा तर त्या तंत्रावरची पेटंट लागतातच, आणि एरिक्सनकडे त्यांचा मोठा साठा. एरिक्सन बाहेर पडल्यावर उद्या तिनेच दावा लावला तर? म्हणून करारात एकमेकांची पेटंट वापरण्याची व्यापक परवानगी होती, शिवाय फोनसाठी अत्यावश्यक अशा ५ पेटंट कुटुंबांची मालकी सोनीला मिळाली. (एकाच शोधाची वेगवेगळ्या देशांत घेतलेली पेटंट मिळून एक कुटुंब होतं.) मुख्यालय टोकियोला गेलं. 'एक्सपिरिया' हे नाव सोनीकडे राहिलं, पण २०१९ मध्ये सोनीने भारतात फोन विकणं थांबवलं.

आपल्याकडची ओळखीची जोडी हीरो होंडाची. १९८४ ची ही भागीदारी, दोघांचे प्रत्येकी २६ टक्के, बाकी शेअर बाजारात. डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं ठरलं.

आता हे का वाचायचं?

कारण हा प्रकार पुन्हा तुमच्या खिशापर्यंत येतोय. चीनसारख्या, भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला एप्रिल २०२० पासून सरकारची मंजुरी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या डिक्सन कंपनीने विवोसोबत संयुक्त कंपनीचा प्राथमिक करार जाहीर केला, त्यात डिक्सन ५१ टक्के आणि विवो ४९. इथे ५०-५० नाही हे बघा. तो एक टक्का फार बोलका आहे.

तुमच्या फोनचा खोका अजून ठेवला असेल तर मागच्या बारीक अक्षरांत उत्पादकाचं नाव वाचा. बऱ्याचदा ते पुढच्या ब्रँडपेक्षा वेगळं असतं. तेवढ्यावरून ते जॉइंट व्हेंचर ठरत नाही, नुसतं कंत्राटी उत्पादनही असू शकतं. शेअर कोणाकडे किती, हे मात्र खोक्यावर कुठेच छापत नाहीत.