'एक्सोडस'चे प्रवासी : परत, पण कुठे?

१९४७च्या सप्टेंबरात जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात तीन ब्रिटिश जहाजे लागली. त्यांतून आणलेली माणसे हिटलरच्या संहारातून वाचलेले आपले यहुदी बांधव होते. स्वतःहून जर्मनीला कोण आले असते?

हेच सुमारे ४,५०० लोक ११ जुलैला फ्रान्सच्या सेत बंदरातून 'एक्सोडस १९४७' या जहाजाने एरेट्स इस्राएलकडे निघाले होते. तेव्हा तेथे ब्रिटिशांचा अंमल होता. १९३९च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत ७५,००० यहुद्यांनाच प्रवेश ठरवला होता. १९४६पासून बिनपरवाना येणाऱ्यांना सायप्रसच्या छावण्यांत डांबत असत. या खेपेस परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी ठरवले, जिथून निघाले तिथेच त्यांना परत धाडायचे. १८ जुलैला नौदलाने जहाज पकडले. झटापटीत तिघांचा जीव गेला. हायफाला सर्वांना तीन जहाजांत भरून फ्रान्सकडे वळवले.

फ्रान्सने सांगितले, जो राजीखुशीने उतरेल त्याला आम्ही घेऊ, जबरदस्ती चालणार नाही. पोर-द-बूकसमोर तीन आठवडे जहाजे उभी राहिली, पण मोजकेच लोक उतरले. १५ ऑगस्टला आपल्या भारतात तिरंगा फडकला, त्या दिवशीही ही माणसे उकाड्यात जहाजांच्या तळाशी बसून होती. शेवटी ब्रिटिशांनी त्यांना जर्मनीतील आपल्या ताब्यातील भागात नेले. ८ व ९ सप्टेंबरला हॅम्बुर्गला अनेकांना ओढून, काठ्या मारून उतरवले आणि ल्यूबेकजवळ तारांच्या कुंपणात ठेवले.

सरकारी भाषेत हे 'परत पाठवणे' होते. पण मराठीत आपण परत जातो ते आपल्या माणसांत. जर्मनीत त्यांचे कोण होते?

जगाने यातून काही धडा घेतला. १९४९मध्ये पश्चिम जर्मनीने राजकीय छळ झालेल्यांचा आश्रयाचा हक्क आपल्या मूळ कायद्यात लिहिला. १९५१च्या जिनिव्हा कराराने ठरवले की, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला ढकलू नये. त्या करारावर इस्राएलचीही सही आहे.

आपले पूर्वजही गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोकणाने त्यांना परत लोटले नाही, म्हणून आपण आहोत. देशाला सीमा हवी, नियमही हवेत, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? तरी आपल्या दाराशी कोणी आश्रय मागत आला, तर 'परत पाठवा' म्हणण्याआधी 'परत म्हणजे कुठे?' एवढे तरी आपण विचारलेच पाहिजे.