‘सेतुबंध’ महाकाव्याचे कर्तृत्व : प्रवरसेन की कालिदास?

प्रस्तावना

थोर नाटककाराच्या नावावर असलेल्या कृती खरोखर त्याच्याच आहेत काय, हा प्रश्न जगातील अनेक साहित्यांत विचारला गेला आहे. इंग्रजीत शेक्सपिअरविषयीचा वाद सर्वश्रुत आहे. डेलिया बेकन या विदुषीने 1857 मध्ये आणि लूनी यांनी 1920 मध्ये आपापले ग्रंथ प्रसिद्ध करून, ही नाटके स्ट्रॅटफर्डच्या एका सामान्य कुटुंबातील माणसाची नसून कोणा उच्चपदस्थाची असावीत, असा पक्ष मांडला. बहुसंख्य अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. भारतात ‘शाकुंतल’, ‘विक्रमोर्वशीय’ आणि ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकांचा कर्ता कालिदास याच्याबाबत मात्र वाद उलट दिशेने गेला. त्याच्या कृती इतरांना देण्यापेक्षा इतरांच्या कृती त्याला देण्याकडे परंपरेचा कल राहिला. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य याचे ठळक उदाहरण होय. त्याचा संबंध थेट आपल्या विदर्भाशी, वाकाटकांच्या राजकुलाशी येतो. या वादातील पुराव्यांची कालक्रमाने छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काव्य आणि त्याची परंपरा

‘सेतुबंध’ हे पंधरा आश्वासांचे काव्य असून ‘रावणवहो’ आणि ‘दहमुहवहो’ या नावांनीही ते ओळखले जाते. लंकेवर स्वारी करण्यासाठी वानरसेनेने समुद्रावर बांधलेला सेतू आणि रावणाचा वध हा त्याचा विषय. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाराष्ट्री ही श्रेष्ठ प्राकृत होय असे सांगताना याच काव्याचा दाखला दिला आहे. आधुनिक काळात झीगफ्रीड गोल्डश्मिट यांनी 1880 पासून त्याची संहिता जर्मनीत प्रसिद्ध केली. 1895 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत ते रामदासाच्या टीकेसह छापले. 1976 मध्ये कृष्णकांत हंडिकी यांचा इंग्रजी अनुवाद अहमदाबादच्या प्राकृत ग्रंथ परिषदेने प्रकाशित केला.

कालिदासाच्या बाजूचे पुरावे

कालिदासाच्या बाजूने प्रामुख्याने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, टीकाकार रामदासाचे विधान. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने ‘रामसेतुप्रदीप’ ही टीका लिहिली. विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने महाराज प्रवरसेनासाठी हे काव्य रचले, असे तो सांगतो. दुसरी, काही हस्तलिखितांतील पुष्पिका. आश्वासाच्या शेवटी येणाऱ्या या पुष्पिकांत प्रवरसेन आणि कालिदास ही दोन्ही नावे येतात.

तिसरी गोष्ट काव्यातच आहे. पहिल्या आश्वासात कवी म्हणतो की, ही काव्यकथा नव्या ‘राअ’ने आरंभिलेली आहे, तीत चुका झाल्या, त्या पुन्हा सांधल्या गेल्या आणि ती अखेरपर्यंत नेणे कठीण आहे. प्राकृतात स्वरांमधील ‘ज’ आणि ‘ग’ दोन्ही लोप पावतात. त्यामुळे ‘राजा’ आणि ‘राग’ म्हणजे अनुराग, या दोन्ही शब्दांचे रूप ‘राअ’ असेच होते. ‘नव्या राजाने आरंभिलेली’ असा अर्थ घेतल्यास, नुकताच सिंहासनावर आलेला राजा काव्य लिहू लागला, अडखळला आणि कोणा समर्थ कवीने त्याला हात दिला, असे चित्र उभे राहते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना हे चित्र संभवनीय वाटत होते. वाकाटक प्रवरसेनाच्या या काव्याच्या संस्कारात कालिदासाचा हात असावा, असा त्यांचा कल होता.

राजाच्या नावावरील काव्याविषयी संशय घेणे सर्वस्वी निराधारही नाही. ‘रत्नावली’चा कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेल्या श्रीहर्षाबाबत, त्याच्याकडून धावक कवीला धन मिळाले असा उल्लेख मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त आहे. त्यावरून पुढे टीकाकारांनी नाटकेच विकत घेतली गेल्याचा तर्क केला. राजाश्रयाच्या व्यवस्थेत असे घडणे अशक्य नव्हते.

प्रवरसेनाच्या बाजूचे पुरावे

तथापि पुराव्यांची कालानुक्रमे मांडणी केली की चित्र बदलते. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी पूर्वकवींची स्तुती केली. सेतूच्या योगे प्रवरसेनाची कीर्ती समुद्रापलीकडे गेली, असे तो म्हणतो. त्याच ठिकाणी कालिदासाची स्तुती तो स्वतंत्रपणे करतो. दोन्ही कवी त्याला पूर्ण परिचित होते आणि त्याच्या दृष्टीने ते भिन्न होते. नवव्या शतकाच्या अखेरीस कंबोडियाचा राजा यशोवर्मा याच्या लेखात, धर्माचा सेतू उभारणाऱ्या या राजाने ‘प्राकृत’ सेतू करणाऱ्या प्रवरसेनालाही जिंकले, अशा आशयाचा श्लेष आहे. ‘प्राकृत’ म्हणजे सामान्य, तसेच प्राकृत भाषेतील. बाणाने म्हटलेली समुद्रापलीकडची कीर्ती येथे अक्षरशः खरी ठरलेली दिसते, आणि ती प्रवरसेनाच्याच नावाने.

म्हणजे जवळच्या काळातील साक्षी प्रवरसेनाचे नाव घेतात. कालिदासाचे नाव ठामपणे सांगणारा टीकाकार मात्र सहस्राहून अधिक वर्षांनंतरचा आहे. रामदासाच्या विधानात कालगणनेचीही अडचण आहे. विक्रमादित्य म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे धरले तर त्याचा शेवटचा ज्ञात लेख गुप्त संवत् 93 म्हणजे इ.स. 412–13 चा, सांची येथील आहे. प्रवरसेन दुसरा हा सुमारे इ.स. 420 च्या आसपास गादीवर आला, असे सामान्यतः मानले जाते. चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पती दुसरा रुद्रसेन याच्या मृत्यूनंतर पुत्र दिवाकरसेनाच्या नावाने कारभार पाहिला, हे पुणे ताम्रपटावरून कळते. रिद्धपूर ताम्रपटात ती स्वतःला दामोदरसेन व प्रवरसेन यांची जननी म्हणवते. म्हणजे प्रवरसेन ‘महाराज’ झाला तेव्हा त्याचा मातामह बहुधा हयात नव्हता.

‘राअ’ या शब्दाचा पुरावाही निर्णायक नाही. त्याच पद्यात काव्यकथेला मैत्रीची उपमा दिली आहे. मैत्री नव्या अनुरागाने सुरू होते आणि तुटली तर सांधावी लागते. तेव्हा कवीने दोन्ही अर्थ योजिले असावेत, हेच अधिक संभवते. शिवाय चुका कोणी सांधल्या हे तेथे सांगितलेले नाही. स्वतःच्या रचनेचा स्वतः संस्कार करणे कोणत्याही कवीला शक्य आहे. शैलीचा विचार करता, ‘सेतुबंधा’तील दीर्घ समास आणि यमकांची हौस ही कालिदासाच्या प्रसन्न, अल्पसमास रचनेपासून दूर जाणारी आहे. धर्माचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. काव्याचा विषय वैष्णव आणि ताम्रपटांतील प्रवरसेन परममाहेश्वर, हा आक्षेप घेतला जातो. पण शिवभक्त कालिदासानेही ‘रघुवंश’ लिहिला आणि प्रवरसेनाची माता विष्णुभक्त होती.

कोणता प्रवरसेन?

प्रवरसेन नावाचा एक राजा काश्मीरमध्येही होऊन गेला. ‘राजतरंगिणी’नुसार त्याने वितस्तेवर नावांचा सेतू बांधला. डॉ. भाऊ दाजी यांनी 1860 च्या सुमारास कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त, असा सिद्धांत मांडला तेव्हा या प्रवरसेनाला विशेष महत्त्व आले. पुढे वाकाटकांचे ताम्रपट प्रकाशात आले आणि विदर्भाच्या प्रवरसेनाची बाजू बळकट झाली.

येथे वाशीमचा पुरावा मोलाचा ठरतो. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत महाकाव्याचा कर्ता होता. काव्य लुप्त झाले, परंतु आनंदवर्धन आणि भोज यांच्या ग्रंथांत त्याचे उल्लेख आहेत. कुंतकाने तर सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदास आणि सर्वसेन ही नावे शेजारीशेजारी घेतली. 1939 मध्ये वाशीम येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढील दानाचा मजकूर प्राकृतात आहे. ज्या राजकुलात प्राकृत ही दानपत्राची भाषा होती आणि ज्याच्या एका पूर्वजाने प्राकृत महाकाव्य रचले होते, त्याच कुलातील प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ लिहिला, यात अस्वाभाविक काही नाही.

समारोप

उपलब्ध पुराव्यांवरून ‘सेतुबंधा’चे कर्तृत्व वाकाटक नृपती प्रवरसेन दुसरा याच्याकडेच जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दरबारातील पंडितांनी, कदाचित कालिदासानेही, त्यावरून नजर फिरवली असेल. परंतु साहाय्य आणि कर्तृत्व या भिन्न गोष्टी आहेत. शेक्सपिअरच्या वादात सामान्य माणूस एवढे थोर कसे लिहील, हा संशय मुळाशी होता. येथे राजा, तोही प्राकृतात, एवढे चांगले कसे लिहील, हा संशय दिसतो. दोन्हीकडे पुराव्याआधी प्रतिष्ठेचा हिशेब मांडला गेला.

हा प्रश्न केवळ पंडितांपुरता नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो महाराष्ट्री प्राकृताच्या दीर्घ वारशाचा आधार घेऊनच. किन्हीराजासारख्या गावातून वाशीमला येणारा विद्यार्थी कालिदासाचे नाव जाणतो. सर्वसेन आणि प्रवरसेन ही नावे त्याने क्वचितच ऐकलेली असतात. आपल्या मातीतील काव्य एखाद्या थोर नावाला चिकटवले की त्याचा मान वाढतो, असा समज सोडून द्यावयास हवा. कालिदासाच्या थोरवीला ‘सेतुबंधा’ची गरज नाही. विदर्भाच्या इतिहासाला मात्र प्रवरसेनाची आहे.