मामा तलाव : एका सामासिक नावाची घडण

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड आणि नवेगावबांध ही दोन्ही गावनावे सामासिक असून पहिल्यात सत्तेचे ठाणे असलेला गड आहे, तर दुसऱ्यात पाणी अडवणारा बांध. या मुलखातील असंख्य जुन्या जलाशयांना मात्र आज ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून तो ‘मामा’ तयार झाला.

‘मालगुजार’ हा फारसीतून आलेला समास आहे. त्यातील ‘माल’ मुळात अरबी असून येथे त्याचा अर्थ जमीन महसूल असा होतो, आणि ‘गुजार’ म्हणजे भरणा करणारा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पुढे मध्य प्रांताच्या जमाबंदीत, १८६० च्या दशकात, गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना इंग्रजांनी गावाची मालकी दिली आणि तिच्यासोबत तलावही त्यांच्याकडे गेले. १९५० च्या कायद्याने ही मालकी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि नावामागे ‘माजी’ लागले.

तलावांची परंपरा या व्यवस्थेहून पुष्कळ जुनी आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला सवलतीने जमीन देण्याची रीत घालून दिली आणि ते काम कोहळी समाजाने कौशल्याने केले; नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांचाच मानला जातो. टेकड्यांमधली उताराची जागा हेरून मातीची पाळ घालायची आणि साठलेले पाणी खालच्या ‘बांधी’त, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, उताराने उतरवायचे, ही ती विद्या. पुढे मालगुजार झालेल्यांतही कोहळी होतेच, आणि त्यांनी हे तलाव राखले, हेही नोंदवायला हवे.

पाण्याशी सतत झुंजणाऱ्या नेदरलँड्समध्ये जलमंडळाच्या प्रमुखाला आजही ‘डाइकग्राफ’ म्हणतात. ‘डाइक’ म्हणजे बांध आणि ‘ग्राफ’ म्हणजे सरदार. त्या डच समासात अधिकाराची ओळखच बांधावरून ठरते. आपल्याकडे उलट तलावाची ओळख सारा भरणाऱ्यावरून ठरली, आणि पाळ घालणारे हात नावातून वगळले गेले. हा अन्याय आहे. सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ हा शब्द राहील. पण त्याच्याजवळ, जिथे परंपरा ठाऊक आहे तिथे, तलाव बांधणाऱ्यांचीही नोंद झाली पाहिजे.