किशोरवयातील गर्भनिरोधन

१० ते १९ या वयोगटातील मुलामुलींसाठी गर्भधारणा टाळण्याची साधने, सल्ला व सेवा. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांपासून संरक्षण हाही या विषयाचाच भाग होय.

साधने : केवळ वय लहान म्हणून कोणतेही तात्पुरते साधन वर्ज्य ठरत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती बहुधा अनियमित असते. त्यामुळे ‘सुरक्षित दिवसां’चा हिशेब या वयात भरवशाचा नसतो. गर्भ आणि संसर्ग या दोहोंपासून संरक्षण फक्त निरोधाने मिळते. रोज घ्यायच्या संप्रेरक-गोळ्यांशिवाय सरकारी केंद्रांत ‘छाया’ ही संप्रेरकरहित गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन व तांबी ही साधने मिळतात. आणीबाणीची लेव्होनॉर्जेस्ट्रेल गोळी (१.५ मिग्रॅ.) संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावी. तिने राहिलेला गर्भ पडत नाही.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या वा गरोदर आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के होते. याची मुळे मुख्यतः बालविवाहात आहेत. महाराष्ट्रातील २०–२४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. पहिले मूल लवकर व्हावे अशी सासरची अपेक्षा असल्याने, साधन जवळ असूनही ते वापरण्याचा निर्णय मुलीच्या हाती क्वचितच असतो.

सेवा व कायदा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (२०१४) याअंतर्गत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे चालतात, महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा, तिची संमती असली तरी, गुन्हा असून त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. पोलिसांच्या धास्तीने मुली डॉक्टरांकडे जाणे टाळतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये, मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले.