पिठाच्या पोत्याचा झगा

तांदळाचे किंवा सिमेंटचे पोते उघडताना दोऱ्याचे नेमके टोक सापडले, की सगळी शिवण सरसर उसवत जाते. चुकीच्या टोकाने ओढले तर ती हटून बसते. ही साखळी टाक्याची शिवण. दोऱ्याचा प्रत्येक फास आधीच्या फासातून ओवलेला असतो. शेवटचा सुटला की मागचे क्रमाने सुटतात. कपडे शिवणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच. म्हणून घरगुती यंत्रात सुईचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकवणारा टाका रूढ झाला. अशा टाक्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत इलायस हाऊ यांना १८४६ साली मिळाले. पण त्याच अमेरिकेतल्या शेतकरी बायकांना साखळी टाक्याचा दोष फार उपयोगी पडला.

तिकडे पूर्वी पीठ लाकडी पिंपांतून विकले जाई. एका पिंपात १९६ पौंड. यंत्राने मजबूत शिवण घालता येऊ लागल्यावर सुती पोती आली, पण मापे बराच काळ पिंपाचीच राहिली : ९८ पौंड म्हणजे अर्धे पिंप, ४९ म्हणजे पाव. (तोंडी हिशेबाला हे उदाहरण बरे आहे.)

पीठ किंवा कोंबड्यांचे खाद्य संपले, की दोरा ओढून पोते उलगडायचे. १०० पौंडी पोत्यातून चौरस वाराहून थोडे अधिक कापड मिळे आणि निघालेला दोराही पुन्हा शिवणात जाई. अडचण होती गिरणीच्या छापाची. छपाईच्या शाईतले रंगकण तेलकट माध्यमात धरलेले असतात; नुसत्या पाण्याला ते दाद देत नाहीत. बायका छापावर चरबी किंवा रॉकेल चोळून ठेवीत, मग साबणाच्या पाण्यात कापड उकळीत. तेलकट शाई चरबीत सैल होई आणि साबण ती पाण्यात उचलून नेई. तरी छाप पुरता जातोच असे नाही. राहिलेली अक्षरे शिवणीत लपतील असे बेतावे लागे, नाहीतर पोराच्या पाठीवर गिरणीचे नाव वाचता येई. वर्गात त्या पोराला काय ऐकावे लागत असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

गिरणीवाल्यांनी ही गरज हेरली. १९२४ साली मिसूरी राज्यातल्या एसा बेल्स यांनी, माल संपल्यावर कपड्यासाठी वापरता येईल अशा पोत्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सेंट लुईसच्या एका गिरणीने चौकड्यांच्या कापडातून पीठ विकायला काढले. १९२९ नंतरच्या मंदीत तर फुलाफुलांच्या पोत्यांची चढाओढच लागली. धुतल्यावर जाणारी शाई आली, गिरणीचे नाव कागदी चिठ्ठीवर गेले, पोत्यांपासून कपडे बेतण्याच्या पुस्तिका निघाल्या. बाईच्या झग्याला साधारण तीन पोती लागत, तीही एकाच नक्षीची. म्हणून खाद्य आणायला निघालेल्या नवऱ्याच्या हाती कापडाचा नमुना दिला जाई, आणि दुकानात नेमके तळाचे पोते उपसावे लागे! उरलेल्या तुकड्यांची पांघरुणे होत. आपल्या गोधडीची ती बहीणच.

काटकसरीचे गोडवे गाण्यात आम्हांला रस नाही; ही पाळी गरिबीने आणली होती. पण बाजारात ज्यांचे फारसे चालत नव्हते, त्या बायकांनी गिरण्यांना आपली निवड विचारात घ्यायला लावली, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त कागदी पोती आली. सुती पोत्यांचा धंदा टिकावा म्हणून कारखानदारांनी शिवणाच्या स्पर्धा भरवल्या. अशाच स्पर्धेसाठी कॅन्ससमधल्या एका स्त्रीने १९५९ साली शिवलेला झगा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. साठीच्या दशकात सुती पोती जवळजवळ दिसेनाशी झाली. कागदी पोत्यांची तोंडेही साखळी टाक्यानेच शिवत. दोरा तेवढा पूर्वीसारखाच सरसर निघे.