मुळशी जलाशय

मुळशी जलाशय हा पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मुळा नदीवरील धरणामुळे निर्माण झालेला कृत्रिम जलाशय आहे. तंबूनिवास, मासेमारी व नौकाविहार यांसाठी तो आज परिचित असला, तरी त्याची निर्मिती वीजनिर्मितीसाठी झाली. पुण्याहून भूगाव, भुकूम, पिरंगुट व पौड या मार्गाने येथे पोहोचता येते. हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो.

इतिहास

टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी हे धरण बांधले. त्यात मुळशी पेट्यातील, म्हणजे मावळ मुलखातील, सुपीक भातखाचरे व अनेक गावे बुडणार होती. याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदींनी त्याचे नेतृत्व केले. बापटांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यात मिळाली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा गाजली, परंतु लढा एकसंध राहिला नाही. अनेक जमिनींवर पुण्यातील सावकारांचा हक्क होता आणि त्यांना मोबदला मान्य होता. प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांच्या हाती मात्र फारसे काही लागणार नव्हते. १९२४ च्या अखेरीस लढा संपला व पुढे धरण पूर्ण झाले. काठावर तंबू ठोकणाऱ्या पर्यटकाला या गावांची सहसा कल्पना नसते.

पाण्याचा प्रवाह

मुळा नदी पूर्ववाहिनी असून तिचे पाणी भीमेमार्गे कृष्णेस मिळते. जलाशयातील पाणी मात्र सह्याद्री भेदून पश्चिमेस वळवले जाते व सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा वीजगृहात पोहोचते. तेथून ते कुंडलिका नदीत सोडले जाते. कोलाड परिसरातील प्रसिद्ध राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावरच चालते. त्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहती राहते. वल्हवण्याचा खरा थरार अशा रीतीने जलाशयात नसून घाटाखाली आहे. जलाशयाचे पाणी संथ असते. पश्चिमेस वळवलेले पाणी पुन्हा भीमा खोऱ्याकडे सोडावे, अशी मागणी वेळोवेळी होते.

मासे व मासेमारी

पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे 'चढणीचे मासे' पकडण्याची मावळातील रीत जुनी आहे. गळ, जाळी व बांबूचे सापळे ही त्याची साधने. मात्र हे मासे अंडी घालण्यासाठीच वर चढत असल्याने अशी मासेमारी पुढील पिढीच्या मुळावर येते. टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीर माशाचे बीजोत्पादन केंद्र चालवले असून तेथील मत्स्यबीज देशातील विविध जलाशयांत सोडण्यात आले. हा प्रयत्न स्तुत्य असला, तरी कावेरी खोऱ्यात तेथील स्थानिक महसीर जातीला या बाहेरून आलेल्या माशामुळे धोका निर्माण झाल्याचे संशोधकांचे मत आहे.

तंबूनिवास

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ तंबूनिवासास सोयीचा असतो. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा काठ वरून कोरडा दिसला, तरी खाली गाळ असू शकतो. बुडालेल्या बांधांमुळे खोलीही एकाएकी बदलते. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही तेथे जीवरक्षक जाकिटाशिवाय उतरू नये. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तालुक्यातील धोकादायक पर्यटनस्थळी पाण्यात उतरण्यास मनाईचे आदेश काढते.