पाणीवापर नियमभंग व शिक्षा : भिलाई परिसर

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या पोलादनगरीत आणि भोवतालच्या गावांत विनापरवाना पाणी उचलणे, टंचाईच्या काळात कूपनलिका खोदणे, नळजोडणीत फेरफार करणे किंवा नदीनाल्यात सांडपाणी सोडणे यांबद्दल होणारी कायदेशीर कारवाई. या सगळ्याला मिळून एक कायदा नाही. इंग्रजी अमलातला सिंचन कायदा, मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेले अधिनियम आणि केंद्राचे पर्यावरणविषयक कायदे अशा तीन थरांतून ही व्यवस्था उभी आहे.

पार्श्वभूमी : भिलाईचे पाणी मुळात शेतीचे. तांदुला जलाशय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुष्काळी भागातील भातशेतीसाठी बांधला गेला. 2 फेब्रुवारी 1955 रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तांदुल्याच्या पाण्याला कारखाना हा नवा मोठा धनी मिळाला. पुढे महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणीही कालव्याने कारखान्याच्या मरोदा येथील तलावांत येऊ लागले. पाऊस कमी झाला की शेत आधी की भट्टी, हा इथला जुना वाद आहे.

सिंचन कायदा : मध्य प्रांताच्या 1931 च्या सिंचन कायद्याने नद्या, नैसर्गिक ओढे व तलाव यांच्या पाण्यावरील सर्व हक्क कलम 26 अन्वये शासनाकडे दिले. नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा हा कायदा विदर्भातही लागू होता. महाराष्ट्राचा 1976 चा सिंचन अधिनियम आला तेव्हा तो तिथे रद्द झाला. छत्तीसगढमध्ये मात्र तोच आजही पाणीहक्कांचा पाया आहे.

कूपनलिकांवरील निर्बंध : सामान्य माणसाशी सर्वांत जास्त संबंध येतो तो 1986 च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाचा. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य वेगळे झाले, तेव्हा मध्य प्रदेशाचे इतर कायदे आले तसा हाही आला. उन्हाळा लागला की जिल्हाधिकारी कलम 3 खाली जिल्हा किंवा त्याचा भाग ‘जलाभावग्रस्त’ जाहीर करतात. मग सामान्यतः 30 जूनपर्यंत, किंवा आदेशात दिलेल्या मुदतीपर्यंत, परवानगीशिवाय नवी कूपनलिका खोदता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीसुद्धा नाही. सरकारी पाणीपुरवठा यंत्रणेला यातून सूट असते. मूळ कायद्यात कलम 9 प्रमाणे शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन वर्षांची कैद ऐकायला जबर वाटते. पण दोन हजारांत आज बोअरची गाडी दारात येऊन उभीसुद्धा राहत नाही. ज्याला खोल बोअर परवडते, त्याला हा दंड खर्चाच्या यादीतली एक किरकोळ ओळ वाटतो. रुपयांत ठोकून बसवलेला आकडा महागाईने कसा पोकळ होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

नळपाणी : भिलाईत दोन पुरवठे आहेत. सेक्टरांतील क्वार्टरांना कारखान्याचा नगर विभाग पाणी देतो. सुपेला, कोहका, खुर्सीपार, वैशालीनगर असा भाग महानगरपालिकेकडे आहे आणि तिचे पाणी शिवनाथ नदीचे. उन्हाळ्यातला नेहमीचा गुन्हा टिल्लू पंपाचा. नळ सुटायच्या वेळी थेट जोडणीला पंप लावला की वाहिनीतले पाणी तिकडे ओढले जाते आणि ओळीच्या शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. पंप जप्त करणे आणि जोडणी तोडणे हे यावरचे उपाय. जागच्या जागी झालेली जप्ती कोर्टातल्या खटल्यापेक्षा जास्त जरब बसवते.

उद्योग : परवानगी आवश्यक असताना भूजल उपसणाऱ्या उद्योगाला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणीय भरपाई द्यावी लागते, ती किमान एक लाख रुपये. प्रदूषणासाठी 1974 चा जल अधिनियम आहे. त्याच्या कलम 43 मध्ये दीड ते सहा वर्षे कैद व दंड होता. 1988 च्या दुरुस्तीने प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखान्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. 2024 च्या दुरुस्तीने बहुतेक ठिकाणची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. ही दुरुस्ती राज्यांनी विधानसभेच्या ठरावाने स्वीकारायची असते. लाखांचा दंड मोठ्या कारखान्याला जाणवत नाही. व्यवस्थापकाला तुरुंगाची भीती जाणवते. ती काढणे ही माघारच म्हटली पाहिजे.

शिवनाथ प्रकरण : या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण दंडाच्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही. 1998 मध्ये मध्य प्रदेशाच्या औद्योगिक विकास निगमाने बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी रेडियस वॉटर या खासगी कंपनीशी 22 वर्षांचा करार केला. सुमारे 23 किलोमीटर नदीपात्र कंपनीच्या ताब्यात गेले. उद्योगांनी पाणी घेतले नाही तरी निगमाने रोज 40 लाख लिटरचे पैसे मोजायचे, अशी अट होती. काठावरच्या गावांतील केवट मासेमारांना जाळी टाकायला आणि शेतकऱ्यांना पाणी उपसायला अटकाव झाला. ज्या पाण्यावर 1931 पासून कायद्याने शासनाचा हक्क, तिथे पिढ्यानपिढ्या पाणी वापरणारे गावकरी अतिक्रमक ठरले! लोकांनी आंदोलने केली. छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने 2007 मध्ये करार रद्द करण्याची आणि जबाबदारांवर फौजदारी कारवाईची शिफारस केली.

तक्रारीचा मार्ग : जल अधिनियमाच्या कलम 49 नुसार मंडळाप्रमाणेच कोणताही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो. त्यासाठी मंडळाला 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नाल्यात सांडपाणी दिसले तर ठिकाण, तारीख व वेळ लिहून ती नोटीस द्यावी आणि पोच जपून ठेवावी.